सहा म्हणजे सहा

"आज कुठला रंग आला रं धन्या?"

आईनं आतून विचारलं तेव्हा मी दुकानात स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून बसलो होतो. संध्याकाळचे सात वाजले होते. नळीत निळं औषध आणि त्यात आईच्या लघवीचे आठ थेंब. उकळी आली की रंग पालटायचा. निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर बरीच आणि विटेचा रंग आला तर डॉक्टरांकडे पळायचं, एवढं सोपं शास्त्र होतं. त्या दिवशी निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि बघता बघता नळीत वीट उतरली.

"विटकरी," मी म्हणालो.

"अगं बाई! आन् सकाळी तर निळा हुता की."

तिच्या आवाजात काळजीपेक्षा नवलच जास्त होतं. मला वस्तू उघडून आत बघायची खोड आहे ती तिच्याकडूनच आली असावी. मे महिन्यात डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं तेव्हा घाबरून मी खुर्चीला खिळलो होतो आणि ही बाई विचारत होती, "हे कशापासून करत्यात?" जनावराच्या अंगातून काढलेलं असेल तर ती टोचून घेणार नव्हती. डॉक्टर कुडचे बिचारे चांगले. त्यांनी सांगलीहून दुसऱ्या प्रकारचं मागवून दिलं, तेव्हा कुठं तिनं दंड पुढं केला.

हे सगळं सत्त्याण्णव सालचं. जयसिंगपुरात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान पुढं आणि घर मागं. घरात आई, मी आणि राजमती, माझी बायको. आमच्या घरी फ्रिज नव्हता. औषधाची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माठात सोडलेली असायची. स्पिरिटचा दिवा मात्र धंद्याचाच होता.

आमचं घर जैनांचं. मी आणि राजमती नावापुरते. दुकान बंद करून मी आठला जेवायचो आणि राजमती माझ्याबरोबर. आईचं तसं नव्हतं. दिवस मावळला की तिचं तोंड बंद. अन्न नाही, औषधाची गोळी नाही, पाण्याचा थेंब नाही, ते दिवस उगवेपर्यंत. अकराव्या वर्षी महाराजांसमोर हात जोडून तिनं हा नेम घेतला होता आणि आता ती एकसष्ट वर्षांची होती. माझ्या जन्माच्या वेळी ती रात्रभर अडली होती म्हणे, सुईण पाण्याचा पेला घेऊन बसलेली, पण हिनं ओठ उघडले नाहीत. तिचा मधुमेह आम्हाला कळला नाही तोही ह्या नेमामुळंच. माणूस रात्री उठून घटाघटा पाणी प्यायला लागलं की घरच्यांना शंका येते. आमची आई कोरड्या घशानं माळ ओढत पडून राहायची आणि सकाळी अर्धी घागर रिकामी करायची.

सुई टोचायचं काम माझं. राजमतीला रक्त बघवत नाही आणि माझा हात स्थिर. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशा दोन वेळा होत्या. वेळेच्या बाबतीत मी कसा होतो ते जयसिंगपुरातल्या कुणालाही विचारा. रेडिओवर बातम्यांआधी जे ठोके पडतात त्यांवर मी रोज दुकानातलं मोठं घड्याळ जुळवायचो. गल्लीतले लोक जाता जाता त्यावर आपलं मनगटी घड्याळ लावून घ्यायचे. कुणी म्हणालं, "धन्यकुमार, सहा वाजायला आले," तर मी म्हणायचो, "अजून साडेतीन मिनिटं आहेत." राजमती मला हसायची. पण मे महिन्यापासून आईची संध्याकाळची सुई एकदाही एक मिनिट इकडची तिकडं झाली नव्हती. हातातलं गिऱ्हाईक सोडून मी आत जायचो, माठातून बाटली काढायचो, सहाच्या ठोक्याला सुई. लगेच परत दुकानात. ह्याचा मला फार अभिमान होता, तो आत्ताच कबूल करून टाकतो.

पावसाळाभर सगळं छान चाललं. नळीत निळा, नाहीतर फिकट हिरवा. आईच्या अंगावर जरा मांस आलं. मग दसऱ्याच्या आठवड्यात एका संध्याकाळी साडेआठला तिला दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले आणि तिनं मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारली. बाप जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तासाभरानं ती आपोआप सावरली. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली, औषध थोडं कमी करू. कमी केलं तर सातच्या नळीत वीट दिसायला लागली. म्हणून परत थोडं वाढवलं, तर साडेआठला पुन्हा घाम.

मी चक्रावून गेलो. घड्याळ एकतर पुढं जातं नाहीतर मागं पडतं. सातला भरधाव पळणारं आणि साडेआठला बंद पडणारं घड्याळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. एकाच संध्याकाळी एकाच बाईच्या अंगात साखर उतू कशी जाते आणि संपते कशी? मी एक वही केली. रोजचा रंग, रोजचा घाम, सुईची वेळ, सगळं लिहायला लागलो. सुईच्या वेळेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सहा, सहा, सहा. डॉक्टरांचा उपाय सोपा होता. रात्री साडेसातला एक कप दूध.

"दूध सकाळी घेईन," आई म्हणाली.

तर आता त्या विटकरी संध्याकाळकडे येतो. दिवाळी उलटून चार-पाच दिवस झाले होते. साडेआठला मी आणि राजमती जेवून उठलो आणि आतल्या खोलीत गेलो तर आई भिंतीला टेकून बसल्या जागी कलंडली होती. माळ हातातून गळून पडलेली. अंग ओलंचिंब आणि गार. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ती नव्हती.

"डॉक्टरांना आण," मी राजमतीला म्हणालो. ती तशीच अनवाणी धावली. डॉक्टरांचं घर चार गल्ल्या सोडून होतं.

घरात मी आणि आई. मला भयंकर भीती वाटली. ती मरणार असंच मला वाटलं. मी स्वयंपाकघरात गेलो, साखरेचा डबा काढला, बशीत चिमूटभर साखर पाण्यानं ओली केली. खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. मी तिचा गाल बोटानं बाजूला केला आणि साखर हिरडीवर चोळली. एकदा, दोनदा, चार वेळा. तिचे दात घट्ट मिटलेले होते. शुद्ध नसतानाही तिनं तोंड मिटून धरलंय असं मला वाटलं आणि मी रडलो.

पाच-सात मिनिटांनी तिनं डोळे उघडले. मी तोवर बशी विसळून ठेवली होती, पंच्यानं तिचे ओठ पुसले होते. तिनं जीभ ओठांवरून फिरवली. माझ्याकडे बघितलं.

"राजमती कुठं हाय?"

"डॉक्टरांना आणायला गेलीय."

तिनं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर आले तेव्हा ती भिंतीला धरून बसली होती. त्यांनी नाडी बघितली, शिरेतून औषध दिलं आणि मला विचारलं, "शुद्धीवर आपोआप आल्या? साखर वगैरे काही दिलीत काय?"

आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "आपोआपच."

डॉक्टरांनी पेटी मिटली. मग तिच्यासमोर पाटावर बसून म्हणाले, "आई, पुढच्या वेळेला मी वेळेवर पोचेन की नाही सांगता येत नाही. नेम का जीव, एक काय ते ठरवा."

"ठरवलेलं हाय की डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही सुईचं बघा."

डॉक्टरांनी दारात मला बाजूला घेतलं. आजच्यासारखं पुन्हा झालं तर हातात काही राहणार नाही, म्हणाले. औषध पुन्हा सिरिंजवरच्या चार खुणांनी कमी करून दिलं आणि आठ दिवसांची मुदत दिली. तोवर काही सुधारलं नाही तर मिरजेला दवाखान्यात ठेवायचं. तिथं रात्री तिला विचारत बसणार नव्हतं कुणी.

त्या आठवड्यात दुकानात माझं चित्त नव्हतं. एकीकडे आईचा जीव, दुसरीकडे तिचा पन्नास वर्षांचा नेम, आणि तो तर मी तिला न विचारता मोडून बसलो होतो. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, हेच मला आणखी खायला उठायचं. मी पुन्हा पुन्हा वही उघडायचो आणि त्यातलं कोडं काही सुटायचं नाही. शेवटी मनात आलं, बंद पडलेलं घड्याळ आपण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून दुरुस्त करत नाही. उघडून समोर ठेवतो आणि चालताना बघतो. मग आईला का नाही बघायचं?

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मी दुकान बंद केलं, वही आणि माझं रेल्वेचं खिशातलं घड्याळ घेऊन मागच्या सोप्यात जाऊन बसलो.

"हे काय? दुकान कुणी बघायचं?" आई गहू निवडत होती.

"आज तुला बघणार आहे."

"बघ की. माझं झाकण उघडून बसलास व्हय?" ती हसली.

मी सगळं लिहीत गेलो. तीन वाजून दहा, गहू. चारला दोन पेले पाणी. सव्वाचारला देवळात जाऊन आली. मग ती परसाकडं तोंड करून बसली. परसात पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे, वर पत्र्याची पन्हाळ. मावळतीचं ऊन त्या भिंतीवर पडतं आणि सूर्य खाली जाईल तसं वर वर चढत जातं.

"काय बघालीस?" मी विचारलं.

"ऊन. पन्हाळीला टेकलं की पान घ्यायचं. मग निवांत जेवून, चूळ भरून, दिवस बुडायला थोडा वेळ उरतोय."

"रोज असंच बघतेस?"

"लगीन होऊन आले तवापासनं. तुझ्या घड्याळाचं मला काय कळतंय?"

ऊन विटांवरून सरकत होतं. इतकं हळू की सरकताना दिसत नव्हतं, पण नजर दुसरीकडे नेऊन आणली की एक वीट वर गेलेलं असायचं. मी गंमत म्हणून विटा मोजायला लागलो. मग ते पन्हाळीला टेकलं.

"राजमती, पान घे गं," आई उठली.

मी घड्याळात बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं.

"आत्ता?" मी म्हणालो. "आत्ताशी पाच वीस झालेत!"

"ऊन टेकलं की."

राजमतीनं ताट आणलं. भाकरी, भाजी, आणि आमटी मात्र वेगळ्या छोट्या पातेल्यातली. मी विचारलं तर म्हणाली, "ती अळणी आहे. आत्याबाईंनी संध्याकाळचं मीठ सोडलंय. चार दिवस झाले." आमच्यात काहीबाही सोडणं नेहमीचंच असतं. मी तेही वहीत लिहून टाकलं, 'मीठ नाही', आणि माझं लक्ष परत त्या पाच वीसवर गेलं. सुई सहाची, आणि ही तर आत्ताच जेवायला बसली होती.

डॉक्टरांनी सुईची वेळ नेमकी काय सांगितली होती ते बघायला मी वहीची पहिली पानं उलटली. त्यांत नव्हतं. दुकानात धावलो, डॉक्टरांची मे महिन्यातली चिठ्ठी गल्ल्यातून काढली. मागच्या बाजूला माझंच अक्षर होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, संध्याकाळी कधी जेवतात. मी सांगितलं होतं, साडेसहा. आणि मग त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहून घेतलं होतं: 'जेवणाआधी अर्धा तास.' त्याच्याखाली मी रेघ मारून हिशेब केला होता, 'म्हणजे सहा', आणि सहाला गोल केला होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बारीक अक्षरात असते. मे महिन्यात सातच्या आसपास. आता सहाच्या आसपास. दिवस रोज चिमूटभर लहान होत गेला, आईचं ताट रोज चिमूटभर अलीकडे सरकत गेलं, आणि मी सहाला खुंटीला बांधल्यासारखा. आता मी सुई द्यायचो तेव्हा तिला जेवायला बसून चाळीस मिनिटं झालेली असायची. जेवणाची साखर सातला नळीत वीट होऊन दिसायची, कारण औषध अजून वाटेत असायचं. आणि साडेआठला औषध जोरात कामाला लागायचं तेव्हा खायला अंगात काही उरलेलं नसायचं. बिघाड आईच्या नेमात नव्हता. औषधातही नव्हता. जयसिंगपुरातल्या सगळ्यात नेमक्या माणसात होता.

मागून सहाचे ठोके पडायला लागले. मी पहिल्यांदाच सुईसाठी आत गेलो नाही. वही आणि चिठ्ठी घेऊन तसाच डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सगळं वाचलं. चष्मा काढला. "मी सहा सांगितलं नव्हतं हो. जेवणाआधी अर्धा तास सांगितलं होतं. सहा तुम्ही केलंत." मग म्हणाले, "पण त्या जेवतात कधी, हे मीही मागच्या महिन्यात विचारायला हवं होतं." त्या संध्याकाळची सुई त्यांनी नको म्हणून सांगितली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या अर्धा तास आधी, मात्रा तीच कमी केलेली, वहीत जेवणाच्या वेळेचा रकाना वाढवायचा आणि रोज वही दाखवायची.

दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी असताना मी आत गेलो. सातला नळीत हिरवा. साडेआठला मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"काय टक लावून बघालास?"

"काही नाही."

तिनं माळ पुरी केली, पाय पसरले, राजमतीला कुणाच्या तरी लग्नाचं विचारलं. कपाळ कोरडं. नऊ वाजले तसा मी उठून दुकानात गेलो आणि उगीचच एक गजराचं घड्याळ उघडून बसलो.

त्याच्या पुढच्या दिवशी सुई दिल्यावर मी दुकानात परत गेलो नाही. तिच्याजवळच बसलो. ऊन भिंतीच्या निम्म्यावर होतं. त्या अर्ध्या तासात तिला हे सगळं समजावून सांगितलं, सातची वीट, साडेआठचा घाम, मधे निसटलेली चाळीस मिनिटं. ती कान देऊन ऐकत होती. मधे मधे विचारत होती. औषधाला पोचायला एवढा वेळ का लागतो? उन्हाळ्यात परत उलटं सरकायचं काय?

"म्हणजे तू चुकलास," शेवटी ती म्हणाली.

"हो. मीच चुकलो."

"आन् मी उन्हाकडं बघत बसले, तुला कधी बोलले न्हाई. आपलं दोघांचंबी चुकलं." ती खुशीत होती. दवाखाना टळला होता.

तिला खुशीत बघून मला राहवेना. "आई, आणखी एक आहे."

ती ऊन बघत राहिली.

"त्या दिवशी तू पडलीस ना, तेव्हा मी तुझ्या तोंडात साखर लावली. बाहेर अंधार पडला होता. तुझा नेम मी मोडला. आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं, तुझ्यासमोर."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"डोळं उघडलं तवाच. माझी जीभ काय मेली हुती? तोंड गोडमिट्ट."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस काय ते बघत हुते." ती माझ्याकडे वळली. "मला शुद्ध नव्हती. नेमाचं मी महाराजांना विचारीन, त्याला प्रायश्चित्त असतंय. जीव जाताना बघून तू हात लावलास, त्याचा मला राग न्हाई. पर पोरगं माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललं, त्याला काय करायचं मला कळंना. मग म्हटलं, ह्यो आपणहून सांगस्तवर आपल्याला मीठ नको."

मला वहीतली 'मीठ नाही' ही ओळ आठवली. ती मी लिहून टाकली होती आणि लगेच पाच वीसकडे वळलो होतो.

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तर काय. अळणी जेवले असते," ती म्हणाली. "सवय झाली असती."

तेवढ्यात ऊन पन्हाळीला टेकलं. राजमती ताट घेऊन आली, ते छोटं पातेलं घेऊन आली, आमटी वाढायला वाकली.

"थांब," आई म्हणाली. "मीठ आण आधी."

राजमती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या आधी मीच उठलो. मिठाची बरणी आणून आईसमोर धरली.  तिनं दोन बोटांनी मीठ घेतलं, आमटीत टाकलं, भाकरीच्या तुकड्यानं ढवळलं आणि घास तोंडात घातला.

त्या दिवसाचं वहीचं पान अजून माझ्याकडे आहे. रंग हिरवा, घाम नाही. जेवणाच्या वेळेचा रकाना मात्र मी कोरा सोडलेला आहे, कारण मी घड्याळ बघितलंच नव्हतं.